कुंतल आणि कातर

कुरळ्या केसांच्या मुलीने बॉबकट करावयाचा म्हटले, म्हणजे घरात एक लहानसे अधिवेशनच भरते. सोलापूरसारख्या गावी ते मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांतही भरू शकते. आईचे म्हणणे असे, की बॉब शोभतो तो सरळ केसांस. कुरळे केस आखूड झाले, की टोपलीसारखे फुगतात. मैत्रिणींचे म्हणणे असे, की फुगले तरी वैशाखातला मानेवरचा उकाडा तर जाईल. वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढून 'केस काय, पुन्हा येतील,' एवढे बोलून मोकळे होतात. घरात नव्वदी गाठलेली पणजी असेल, तर ती मात्र बहुधा गप्प बसते. तिच्या त्या गप्प बसण्याचा उलगडा तरुण मंडळीस होत नाही. केस पुन्हा येतील, हे वाक्य तिने लहानपणी निराळ्या प्रसंगी आणि निराळ्या अर्थाने ऐकलेले असते.

राज्ये, लढाया आणि सनावळ्या ह्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. केसांचा कोणी फारसा लिहिला नाही. विषय क्षुल्लक वाटतो खरा. परंतु गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील स्त्रीच्या डोक्यावर कोणाची सत्ता चालली, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर तिच्या केसांस कोणी, केव्हा आणि कोणाच्या इच्छेने हत्यार लावले, ह्या प्रश्नासारखा सरळ मार्ग दुसरा नाही. प्रस्तुत लेखात तोच धरला आहे. आणि शेवटी त्या मुलीच्या साध्या प्रश्नाचे उत्तरही द्यावयाचे आहे, कारण ते टाळले तर ती हा लेख वाचावयाची नाही.

आरंभ गावाच्या भूगोलापासूनच करता येतो. सोलापूरचा मुलूख प्राचीन काळच्या कुंतल देशात मोडतो. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यापासून आजच्या उत्तर कर्नाटकापर्यंत पसरलेल्या प्रदेशास हे नाव होते, आणि कल्याणीचे चालुक्य राजे आपणांस कुंतलेश्वर म्हणवीत. आता 'कुंतल' म्हणजे केस. भूमी ही स्त्री कल्पून हा देश तिचा केशकलाप ठरविण्याचा मोह जुन्या कवींस आवरला नाही, ह्यात नवल नाही. संस्कृत वाङ्मयात ज्या केसांची तोंड भरून स्तुती होते ते बहुतेक कुरळेच असतात. कपाळावर रुळणाऱ्या वळ्यांस 'अलक' हा स्वतंत्र शब्द आहे, बारीक कुरळ्या बटांस 'चूर्णकुंतल' म्हणतात, आणि भुंग्याची उपमा तर इतकी वापरली गेली, की ती वाचताना आता भुंगाच कंटाळला असेल असे वाटते. सोलापूरहून फार दूर नसलेल्या तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरात, सापडलेल्या मातीच्या स्त्रीमूर्ती पाहाव्या. अंगठ्याएवढ्या चेहऱ्यावरही केशरचना कोरून दाखविण्यास त्या कारागिरांनी जे श्रम घेतले आहेत, त्यांवरून त्या काळी ही बाब कोणी क्षुल्लक मानीत नसे, एवढे खास.

परंतु कुरळेपणाची ही आवड लांब आणि बांधलेल्या केसांपुरतीच होती. मराठी घरात फणेरपेटी उघडली, की आरसा, फणी, मेण आणि कुंकू ह्यांच्या सोबत एक संबंध शिस्त बाहेर पडे. तेल चोपडावयाचे, बट न् बट चापून बसवावयाची, आणि वेणी घालून खोपा किंवा अंबाडा बांधावयाचा. सुटलेले केस म्हणजे एक तर न्हाणे, नाही तर सुतक. केसांवर राखडी, मूद, केतक, चंद्रकोर, गोंडे असे अलंकारही चढत. ह्या दागिन्यांचा अभ्यास बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, ह्यांनी १९३१ सालच्या 'अलंकार-मंजूषा' ह्या पुस्तकात केला. पुढे त्या सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत कामास होत्या, आणि तारेच्या कुंपणाआडचे ते जीवन त्यांनी १९५० च्या 'बळी' कादंबरीत मांडले. अंबाडा गेला तशी त्यावर बसणारी ही सोन्याची फुलेही गेली. सोनारांनी ह्याबद्दल कोठे तक्रार नोंदविली असल्यास माझ्या पाहण्यात नाही.

ही झाली सुवासिनीची कथा. तिच्याच शेजारी, त्याच वाड्याच्या मागच्या पडवीत, दुसरी कथा चालू असे. ब्राह्मण घरांत, आणि त्यांचे वळण उचलणाऱ्या इतर काही घरांत, नवरा वारला की बायकोचे डोके वस्तऱ्याने साफ करीत. ते एकदाच करून भागत नसे. दक्षिणेतल्या ब्राह्मण विधवेस दर पंधरवड्यास न्हाव्यापुढे बसावे लागते, हे पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जगास सांगितले. आठ-दहा वर्षांची पोर असो की चाळिशीची बाई, नेसावयास तांबडे अलवण आणि डोकीवरून ओढलेला पदर. तिला नाव उरत नसे. ती 'सोवळी' होई. जिने केस राखले ती 'सकेशा'. मराठीत विधवेसाठी असा शब्द निर्माण व्हावा, की ज्याचा अर्थ नुसता 'केस असलेली' एवढाच आहे आणि ज्यात निंदा मात्र पुरेपूर भरली आहे, ह्यावरून त्या समाजाच्या मनाची जितकी पारख होते तितकी दहा ग्रंथ वाचूनही होणार नाही. सकेशेच्या हातचे श्राद्धाचा स्वयंपाक करणारांस चालत नसे, देवघरात तिला मज्जाव असे.

ह्या चालीस शास्त्राधार काय, तर विधवेने वेणी बांधली असता परलोकी नवऱ्यास बंधन पडते, अशा अर्थाचे एक वचन स्कंदपुराणातील काशीखंडात आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिताना हा सगळा आधार उलगडून पाहिला, तेव्हा वेदांत किंवा प्रमुख स्मृतींत ह्या सक्तीस काही थारा नाही, असेच निघाले. काणे नुसते ग्रंथांवर थांबले नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपुरी सकेशा ब्राह्मण विधवेस विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवू देण्यास हरकत घेतली जाई, तेव्हा अशा एका बाईची बाजू त्यांनी मोबदला न घेता मांडली. ज्या देवाच्या दारी जनाबाईसारख्या दासीस आपले मनोगत मोकळेपणे सांगता आले, त्याच दारी पुढे बाईच्या डोक्यावरचे केस मोजले जावे, हा विपर्यास वारकऱ्यांस फारसा टोचला नाही, वकिलास टोचला.

पंढरपुराशी ह्या कथेचा आणखी एक धागा जुळतो. वपनाने बाई विद्रूप झाली म्हणजे तिचे शील राखले जाते, असा त्या चालीमागचा एक हिशेब होता. हिशेब किती खोटा होता हे चंद्रभागेच्या वाळवंटास ठाऊक होते. फसविल्या गेलेल्या विधवा यात्रेच्या निमित्ताने पंढरपुरास येत आणि तान्ही मुले टाकून जात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ मध्ये पुण्यास आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होतेच; १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर ह्या गुजराती न्यायाधिकाऱ्याच्या पुढाकाराने तशीच संस्था पंढरपुरास निघाली आणि प्रार्थना समाजाने ती चालविली. वस्तऱ्याने काय साधले, ह्याचा जमाखर्च ह्या दोन संस्थांच्या पाळण्यांत सापडतो.

ह्या प्रकरणात सर्वांत विलक्षण गोष्ट घडली ती १८९० साली, आणि ती पंडितांनी केली नाही, न्हाव्यांनी केली. मुंबईस न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणे हे पाप आहे, ते आपण ह्यापुढे करणार नाही, असे तीत ठरले. सत्यशोधक समाजाचे आणि 'दीनबंधू' पत्राचे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा हा उद्योग. उच्च वर्णाच्या बाईची विटंबना थांबविण्यासाठी खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाने आपली मिळकत सोडावी, ह्या कृत्याचे मोल आपल्या सुधारणेच्या इतिहासात अजून नीट आकारले गेलेले नाही असे मला वाटते. आगरकरांच्या 'सुधारका'तील घणाघाती लेख आपण शाळेत वाचतो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्याच १८९० साली 'करमणूक' पत्रातून येऊ लागली, आणि तीत यमूच्या वपनाचा प्रसंग वाचून घरोघरी बायका रडल्या असतील. पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्याने तो खाली ठेवला, हे त्या दोहोंहून निराळे काम होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोलापूर म्हणजे केवळ वाडे आणि सोवळे नव्हे. १८६० मध्ये येथे आगगाडी आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी चालू झाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आणि मूळच्या लिंगायत समाजाने ह्या गावाचा चेहरा घडविला. विडी वळणाऱ्या आणि गिरणीत सूत काढणाऱ्या बाईस नवरा वारल्यावर कष्ट दुप्पट झाले, परंतु तिच्या डोक्यावर वस्तरा चालत नसे. 'हिंदू विधवा' म्हणून जे चित्र आपण ग्रंथांतून रंगवितो, ते एका थराचे आहे. तो थर लिहिणारा होता म्हणून त्याचे दुःख कागदावर उतरले. सूत काढणारीचे उतरावयाचे राहून गेले.

आता वस्तऱ्याकडून कातरीकडे वळू. मराठी मुलखात आखूड केसांची पहिली प्रसिद्ध स्त्री कोण, असे कोणी विचारले तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन. त्यांच्या छायाचित्रांत पांढऱ्या पदराखाली आखूड कापलेले केस दिसतात. ते केस ना सुवासिनीच्या अंबाड्यात बसत, ना सोवळ्या बाईच्या मुंडणात. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले, आणि तेथे आलेल्या विधवांना प्रथम कोणती मोकळीक मिळाली असेल, तर केस वाढू देण्याची. ह्याच परंपरेतल्या पार्वतीबाई आठवले ह्यांनी अनेक वर्षे वपन सोसून पुढे मध्यम वयात ते सोडून दिले, आणि १९२८ साली छापलेल्या 'माझी कहाणी'त ह्या विषयाबद्दल उघडपणे लिहिले. नुकते वाढू लागलेले, कानापर्यंतही न पोचलेले ते केस त्या काळच्या लोकांस केवढे भयंकर दिसले असतील! अमेरिकेतल्या नटीने जी लांबी हौसेने स्वीकारली, तीच आमच्या विधवेस बंड करून मिळवावी लागली. आणि दोघींच्या केसांत अंतर होते फार तर दहा-पंधरा वर्षांचे.

त्या हौसेची गोष्ट थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या आंत्वान नावाच्या केशकाराने १९०९ मध्ये जोन ऑफ आर्कच्या धर्तीवर एका नटीचे केस कापले. १९१५ च्या सुमारास आयरीन कॅसल ह्या नर्तकीमुळे अमेरिकेत त्याची साथ पसरली, आणि पहिल्या महायुद्धात कारखान्यांत गेलेल्या बायकांनी ती घरोघर नेली. १९२० मध्ये फिट्झजेराल्डने बॉब करून घेणाऱ्या एका मुलीवर गोष्टच लिहिली. ह्या बॉबचा आदर्श सरळ, तकतकीत, काळ्या शिरस्त्राणासारख्या केसांचा होता. गंमत अशी, की त्याच काळात सरळ केसांच्या बायका कुरळेपणासाठी जिवावर उदार झाल्या होत्या. कार्ल नेस्लर नावाच्या जर्मन केशकाराने १९०५-०६ च्या सुमारास लंडनात केस कायमचे कुरळे करण्याचे यंत्र दाखविले. त्यात केस पितळी नळ्यांभोवती गुंडाळून तापवीत, आणि वर जे द्रव्य चोळीत त्यात गाईचे मूत्र असे, असे सांगतात. पहिल्या प्रयोगांत त्याच्या बायकोचे केस जळाले. गोमूत्राच्या ह्या उपयोगाचा पत्ता आमच्या धर्माभिमानी मंडळीस लागला नाही, हे बरे झाले.

इकडे मुंबईत हे नवे डोके प्रथम पडद्यावर झळकले. १९०७ मध्ये पुण्यास जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू मुलगी टेलिफोनच्या कचेरीतली नोकरी सोडून 'सुलोचना' झाली. 'टायपिस्ट गर्ल' (१९२६), 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७) ही तिच्या मूकपटांची नावेच काय ते सांगतात. छायाचित्रांत तिचे आखूड, लाटा काढलेले केस दिसतात. पुढे बोलपट आला, देशभक्ती आणि कौटुंबिक कथा आल्या, आणि नायिकेच्या पाठीवर पुन्हा लांब वेणी आली. बॉब मात्र खलनायिकेच्या वाट्यास गेला. आखूड केस, सिगारेट आणि क्लबातला नाच हे एकाच पिशवीतून निघू लागले. सोलापुरास १९३२ मध्ये जन्मलेल्या शशिकला जवळकर ह्यांनी पुढे हिंदी चित्रपटांत फटकळ आणि कारस्थानी स्त्रियांच्या भूमिका इतक्या उत्तम केल्या, की लोक त्यांस तशाच समजू लागले. पडद्यावरच्या ह्या संकेताने मध्यम वर्गातील आयांना एक हुकमी वाक्य मिळवून दिले, ते पुष्कळ वर्षे चालले.

परंतु सोलापूरचा आखूड केसांशी जो खरा जिव्हाळ्याचा संबंध आला, तो चीनमार्गे. चीनमध्ये १९२० नंतर शिकलेल्या मुलींनी वेण्या कापल्या. १९२७ मध्ये साम्यवाद्यांची धरपकड सुरू झाली तेव्हा कापलेले केस हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला, आणि कित्येक मुलींस त्यापायी प्राणास मुकावे लागले. केसांच्या लांबीवरून मरणाची शिक्षा, असे उदाहरण जगाच्या इतिहासात क्वचितच आढळेल. पुढे उत्तरेकडील लाल सैन्यात कानाशी कापलेले केस हा स्त्रियांच्या गणवेशाचाच भाग झाला. १९१० मध्ये सोलापुरास जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर त्या देशी गेले, आणि १९४१ मध्ये त्यांनी लग्न केले ते त्या सैन्याच्या रुग्णालयातील परिचारिका कुओ चिंगलान ह्यांच्याशी. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीस वारले. चिंगलान पुढे सत्तर वर्षे जगल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यानंतर त्या हिंदुस्थानात सासरच्या माणसांस भेटावयास आल्या होत्या. मंगळसूत्र, वेणी, कुंकू ह्यांपैकी कशानेच न ओळखता येणाऱ्या ह्या सुनेस सोलापूरने आपली मानले. गावातल्या दुसऱ्या एखाद्या सुनेने तसेच केस कापले असते, तर ती उदारता तिच्या वाट्यास आली असती की नाही, ह्याचे उत्तर मी सोलापूरकरांवर सोपवितो.

गावातल्या मुलींच्या डोक्यावर बॉब आला तो मात्र कोणत्याही क्रांतीने नव्हे, तर उन्हाळ्याने आणि उवांनी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या ह्या गावी शाळकरी मुलीचे केस सुटीत कानाशी कापून टाकणे हा आयांना मोठा दिलासा होता. अडचण होती ती कापणाराची. न्हावी बाईच्या डोक्यास हात लावतो तो एकाच प्रसंगी, ही आठवण ताजी होती. त्यामुळे मुलीस न्हाव्याकडे नेणे अशुभ वाटे. तेव्हा वडील, काका किंवा गल्लीतला शिंपी ह्यांच्या कातरीवर भागे, आणि एक बाजू वर व एक बाजू खाली असा तो बॉब शाळा सुरू होईपर्यंत निभे. मराठीने ह्या काळात शब्दही चटकन घडविले: बॉबकट, त्याहून आखूड तो बॉयकट, आणि १९६० च्या 'लव्ह इन सिमला' नंतर कपाळावर झिपऱ्या सोडलेला साधनाकट. न्हाती-धुती झाली म्हणजे मुलीचा बॉब संपे आणि वेणी सुरू होई. बॉब हा बालपणाचाच हक्क होता. १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या आणि आखूड केस घेऊन प्रौढ स्त्री देशाचा कारभार पाहू लागली, तेव्हा ह्या नियमास पहिला मोठा तडा गेला. पुढे गावोगाव 'ब्यूटी पार्लर' ही संस्था निघाली. बाईचे केस बाईनेच कापावयाचे, ही सोय होताच न्हाव्याविषयीची ती जुनी भीती आपोआप विरून गेली. पार्लर म्हणजे चैन, असे म्हणणारांनी हे ध्यानात घ्यावे.

विधवांची गोष्ट मात्र अजून पुरी संपलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे ह्यांनी चालविलेल्या प्रचारातून २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याचा कित्ता इतर गावांपुढे ठेवला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे, अशी त्यात बंद करावयाच्या गोष्टींची यादी होती. त्या यादीत केस नाहीत. तसेच आमच्या सीमाभागात यल्लम्माच्या नावाने बायकांच्या डोक्यात जट राखली जाते. कुरळे किंवा न विंचरलेले केस गुंतून जट झाली, की तो देवीचा कौल समजतात. पुढे ती इतकी वजनदार होते, की मान दुखते, डोक्यात उवा-जखमा होतात, आणि कापावयास कोणी धजत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांस समजावून त्यांच्या संमतीने जट कापतात. समजावण्यास महिने लागतात आणि कापण्यास तास. येथे कातर सोडवणूक करते, तेथे वस्तऱ्याने छळ केला; हत्यारास दोष नाही.

आता त्या मुलीकडे येऊ, कारण ती वाट पाहून कंटाळली असेल. तिच्या आईचे म्हणणे अगदीच निराधार नाही. सरळ केसाचा छेद गोल असतो, कुरळ्याचा लंबगोल, आणि ज्या मुळातून तो निघतो तेही वाकलेले असते. म्हणून केस वळी घेत वाढतो. पाणी लागले, की केसांतले काही नाजूक बंध तुटतात व केस लांबतो. वाळला की वळी पुन्हा जमते व तो आखडतो. कापणारी बाई केस ओले करून, विंचरून, हनुवटीपाशी रेघ धरून कापते. मुलगी घरी पोचेपर्यंत ती रेघ कानाच्या पाळीपाशी गेलेली असते. आणि सगळे केस एकाच लांबीचे कापले, तर वरचे केस आपल्याच वजनाने चापून बसतात आणि खालचे बाजूंस पसरतात. हीच ती टोपली.

ह्यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. कुरळे केस कोरडे असताना, ते रोज जसे पडतात तसे पडू देऊन कापावे. लॉरेन मॅसी ह्या केशकर्तीने २००१ च्या आपल्या 'कर्ली गर्ल' पुस्तकात ह्याच पद्धतीचा पुरस्कार केला, आणि आता मोठ्या शहरांतून ती जाणणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. बट न् बट निराळी घेऊन कापावी, आणि आतल्या केसांस थोड्या पायऱ्या द्याव्या, म्हणजे भार वाटला जातो. वळी घट्ट असेल तर हवी त्याहून दोन-तीन बोटे अधिक लांबी ठेवावी. नुसत्या लाटा असतील तर एक बोट पुरे. चेहरा गोल असल्यास पुढचे केस मागच्यांहून किंचित लांब ठेवून भांग एका बाजूस पाडावा. निमुळत्या चेहऱ्यास हनुवटीवर येणारा भरगच्च बॉब खुलतो. कपाळावर झिपऱ्या कापण्याची घाई करू नये. कुरळ्या झिपऱ्या भुवयांवर राहत नाहीत, वर चढून बसतात. आणि केस पातळ करण्यासाठी कोणी वस्तरा काढला, तर नम्रपणे नको म्हणावे. वस्तऱ्याने टोके फाटतात आणि कुरळे केस राठ होऊन उभे राहतात.

नंतरची निगा सोपी आहे. फणी नको, रुंद दातांचा कंगवा, तोही केस ओले असतानाच फिरवावा. सोलापूरच्या टॉवेलचा मला अभिमान आहे, परंतु कुरळे केस त्याने खसाखसा पुसू नयेत. जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यापेक्षा बरा. आजीचे खोबरेल तेल मागासलेले समजून टाकू नये: रेळे आणि मोहिले ह्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ह्यांची तुलना केली, तेव्हा केसांतील प्रथिनांची झीज कमी केली ती एकट्या खोबरेलाने. न्हाण्याआधी ते हलक्या हाताने लावावे. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होत असतील, तर शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घ्यावा. मुंबईस गेल्यावर हेच केस दमट हवेने दुप्पट फुगतील, त्याचा धसका घेऊ नये. परत येताना कुर्डुवाडीपर्यंत ते आपोआप जागेवर येतात.

पार्लरात जाताना वेणी घालून जाऊ नये, आदल्या दिवशी न्हाऊन केस मोकळे वाळू द्यावे. पहिल्या खेपेस खांद्यापर्यंतच कापून पंधरा दिवस पाहावे, आणि मग हवे तर वर जावे. पणजी हयात असेल तर तिला बरोबर न्यावे. ती खुर्चीशेजारी बसेल, कातर चालू झाली की कदाचित मान फिरवील, आणि कापून झाल्यावर मुलीच्या मानेवरून एकदा हात फिरवून पाहील.